विक्री पावतीची स्वयंचलित नोंद

विक्री होताच ग्राहकाकडून पूर्ण रक्कम मिळाली असेल, तर त्या व्यवहारासाठी लेखा सॉफ्टवेअरमध्ये जो दस्तऐवज केला जातो त्याला विक्री पावती म्हणतात. ऑनलाइन दुकान, पेमेंट गेटवे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे स्वीकारून दुकानदाराला पोहोचवणारी सेवा) किंवा स्प्रेडशीट यांतून आलेल्या माहितीवरून हा दस्तऐवज हाताने न भरता एखाद्या साधनाकडून तयार करून घेणे, म्हणजे तिची स्वयंचलित नोंद होय.

पावती आणि बीजक (इन्व्हॉइस) यांतील फरक येथे मुळाशी आहे. उधारीच्या विक्रीत प्रथम बीजक होते, ग्राहकाचे खाते नावे (डेबिट) पडते आणि पैसे आल्यावर दुसऱ्या नोंदीने ती येणे बाकी मिटते. रोखीच्या विक्रीत, म्हणजे कार्डाने किंवा ऑनलाइन पैसे लगेच मिळतात अशा विक्रीतही, येणे बाकी निर्माणच होत नाही. पावतीच्या एकाच नोंदीत पैशांचे खाते नावे आणि विक्री व देय कर ही खाती जमा (क्रेडिट) होतात. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी 1494 मध्ये छापील ग्रंथात मांडलेल्या द्विनोंदी पद्धतीचाच, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना नोंदवण्याचाच, हा साधा उपयोग आहे. साधनाची रचना करताना पावतीऐवजी बीजक निवडले आणि त्यावर पैसे मिळाल्याची नोंद जोडायची राहिली, तर पैसे हातात येऊनही ताळेबंदात येणे रक्कम फुगत जाते. क्विकबुक्स या लेखा सॉफ्टवेअरमध्ये विक्री पावती हा स्वतंत्र दस्तऐवज आहे. झीरो (Xero) या दुसऱ्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये तसा नाही, त्यामुळे तेथे बीजक करून त्यावर लगेच भरणा दाखवावा लागतो किंवा बँक खात्यात पैसे मिळाल्याची थेट नोंद करावी लागते.

अशा साधनाचे काम ट्रिगर आणि अ‍ॅक्शन या दोन शब्दांत सांगितले जाते. ‘ऑर्डरचे पैसे मिळाले’ ही घटना ट्रिगर असते आणि ‘विक्री पावती तयार करा’ ही अ‍ॅक्शन. 2011 मध्ये सुरू झालेल्या झेपियरसारख्या सेवांमुळे ही जोडणी प्रोग्रॅमिंगशिवाय करता येऊ लागली. घटनेची खबर बहुधा वेबहुकने, म्हणजे एका प्रणालीने दुसरीच्या ठरलेल्या पत्त्यावर आपणहून पाठवलेल्या संदेशाने, पोहोचते. त्यानंतर ग्राहक, वस्तू, नग, दर, कर, तारीख आणि मिळालेली रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची, अशा प्रत्येक रकान्याची जुळणी करावी लागते. ही जुळणी एकदाच होते, पण तिच्यातील चूक पुढच्या प्रत्येक पावतीत उतरते. म्हणूनच ती करताना लेखापालाने शेजारी बसणे फार गरजेचे आहे.

ग्राहकाच्या रकान्यात ‘आधी शोधा, नसेल तर नवा तयार करा’ अशी पायरी ठेवतात. शोध नावावरून घेतला तर शुद्धलेखनातील किरकोळ फरकाने एकाच व्यक्तीची तीन खाती उघडतात, त्यामुळे ईमेलवरून शोधणे अधिक भरवशाचे ठरते. क्विकबुक्स ऑनलाइनमध्ये ग्राहक, पुरवठादार आणि कर्मचारी यांची दर्शनी नावे परस्परांशी जुळून चालत नाहीत. आपल्याला माल पुरवणाऱ्याने एखादे दिवशी आपल्याकडूनच खरेदी केली, तर त्याच नावाचा ग्राहक तयार होत नाही आणि पावती अडते.

दुबार पावती हा या पद्धतीचा सर्वांत त्रासदायक दोष आहे. साधनाने पावती तयार केली, पण लेखा सॉफ्टवेअरचे उत्तर वेळेत परत आले नाही, तर साधन तीच विनंती पुन्हा पाठवते. वेबहुकचा संदेशही एकाहून अधिक वेळा येऊ शकतो, कारण पाठवणारी प्रणाली पोच मिळेपर्यंत प्रयत्न करत राहते. परिणामी विक्रीचा आकडा वाढतो, कराचे देणे वाढते आणि दोन्ही पावत्या वरकरणी निर्दोष दिसतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे मूळ ऑर्डर क्रमांक पावती क्रमांकाच्या जागी ठेवणे आणि नवी पावती करण्यापूर्वी तो क्रमांक आधीच आहे का, हे तपासणे. क्विकबुक्स ऑनलाइनमध्ये या रकान्यात 21 अक्षरेच मावतात, तेव्हा लांबलचक क्रमांक आधीच आटोपशीर करून घ्यावे लागतात.

रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची, यावर पुढचा बँक ताळमेळ, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या विवरणाशी जुळवण्याचे काम, अवलंबून असतो. समजा, एका दिवशी 500, 300 आणि 200 अशा तीन विक्री झाल्या आणि गेटवेने 30 शुल्क कापून 970 एकरकमी बँकेत भरले. तिन्ही पावत्या थेट बँक खात्यात दाखवल्या असतील, तर बँकेच्या विवरणात त्यांपैकी एकही रक्कम सापडणार नाही. त्याऐवजी त्या ‘अद्याप बँकेत न भरलेली रक्कम’ अशा मधल्या खात्यात ठेवाव्यात आणि भरणा आल्यावर 1,000 तेथून काढून 970 बँकेत व 30 शुल्क खर्चात टाकावेत. विक्रीच 970 दाखवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने विक्री आणि खर्च दोन्ही कमी दिसतात.

करातील पूर्णांकनामुळेही फरक पडतो. 10.16 दराच्या तीन ओळींवर 10 टक्के कर प्रत्येक ओळीवर काढला तर 1.02 प्रमाणे 3.06 होतो, एकूण 30.48 वर काढला तर 3.05 होतो. दुकान आणि लेखा सॉफ्टवेअर यांच्या पद्धती वेगळ्या असल्या, की पावती आणि मिळालेली रक्कम यांत अशी तफावत राहते. तारखेचेही तसेच आहे: महिनाअखेरच्या रात्री उशिरा झालेली विक्री वेळ क्षेत्राच्या फरकामुळे पुढच्या महिन्यात नोंदली जाऊ शकते.

माल परत आल्यास मूळ पावती खोडू नये. परताव्याची स्वतंत्र पावती करून ती परताव्याच्या तारखेलाच नोंदवावी. तसे न केल्यास, ज्या कालावधीचे कर विवरणपत्र भरून झाले आहे त्याचेच आकडे मागाहून बदलतात.