बाभळीचा दांडू, हिकरीची बॅट आणि पुढचं सगळं

कोल्हापुरात बेसबॉलची बॅट शोधतोय म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "का हो, कुणाशी वाजलंय?" त्याचाही दोष नाही. पेपरात ही बॅट खेळाच्या पानावर कमी आणि मारामारीच्या बातमीत जास्त भेटते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्तातल्या बऱ्याच बॅटीही गाडीत 'सेफ्टी'साठी ठेवायच्या म्हणूनच खपतात. त्या शोभेच्या. जोरात आलेला खरा बेसबॉल त्यांनी मारायला जाऊ नये.

शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही असल्यामुळं पोरं खेळतात, पण बहुतेकांची पहिली बॅट सीनियरकडून उतरलेली असते. यंदा भाच्यासाठी मीही तशीच शोधत होतो. जुनी बॅट घेताना कंपनीचं नाव मागाहून बघावं. आधी ती कशाची आहे आणि त्या जातीची बॅट कशानं मरते ते बघावं. लाकूड फुटतं, ॲल्युमिनियम चेपतं, आणि कार्बन फायबरचं कंपोझिट बाहेरून धडधाकट दिसत आतून जातं. ही प्रत्येक जात आधीच्या जातीपेक्षा काहीतरी बरं हवं म्हणून आली, त्यामुळं गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

सुरुवातीच्या बऱ्याच बॅटी हिकरीच्या. हे अमेरिकेतलं लाकूड आपण पाहिलेलं नसतं, पण ओळख करून द्यायची तर हिकरी म्हणजे तिकडची बाभूळ. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात नाही, कामाच्या हिशेबात. आपल्याकडं बैलगाडीची चाकं आणि कुदळीचे दांडे बाभळीचे, तसे तिकडं चाकांचे आरे आणि कुऱ्हाडीचे दांडे हिकरीचे. आमचा विटीदांडूचा दांडूही बाभळीचाच असायचा. हात भरून यायचे, पण दांडू तुटला असं आठवत नाही. हिकरीचंही तेच, चिवट पण जड. बेब रूथ हा तिकडचा जुना नामांकित खेळाडू ४० औंसांच्या पुढची, म्हणजे सव्वा किलोच्या घरातली बॅट फिरवायचा. आजचे व्यावसायिक खेळाडू ९०० ग्रॅमच्या आसपास असतात. गोलंदाजी वेगवान झाली तशी बॅट लवकर फिरायला हवी झाली आणि हिकरी मागं पडली.

तिची जागा ॲश या दुसऱ्या लाकडानं घेतली. अमेरिकेतल्या लुइव्हिल गावात हिलरिक नावाच्या सुताराचं दुकान होतं. जिन्याचे कठडे, पलंगाचे पाय, लोणी काढायची यंत्रं असला माल तिथं लेथवर निघायचा. १८८४ मध्ये मालकाचा मुलगा बड यानं पीट ब्राउनिंग या खेळाडूला बॅट कातून दिली आणि तिथून धंदा सुरू झाला, अशी आख्यायिका आहे. बापाला म्हणे बॅटीत भविष्य दिसत नव्हतं, लोण्याच्या यंत्रांत दिसत होतं. १९०५ मध्ये होनस वॅग्नर या खेळाडूनं आपली सही बॅटीवर वापरायचा करार केला. खेळाडूच्या सहीच्या बॅटी विकायची पद्धत तेव्हापासूनची मानतात.

ॲशची बॅट हातात घेतली की लांबलचक सरळ रेषा दिसतात. मारत राहिलं की त्याच रेषांवर पापुद्रे सुटतात. म्हणून ॲशवर कंपनीचा शिक्का रेषा पसरट दिसतात त्या बाजूला मारतात आणि खेळताना तो वर किंवा खाली ठेवतात, म्हणजे बॉल रेषांच्या काठावर बसतो. जुन्या ॲश बॅटीवर शिक्क्यावरच बॉलचे वळ दिसले तर आधीच्या मालकाला हे कुणी सांगितलं नव्हतं असं समजावं आणि बॅट परत ठेवावी.

१९९७ मध्ये कॅनडात ओटावातल्या सॅम होलमन या सुतारानं मेपल या लाकडाची बॅट बाजारात आणली. २००१ मध्ये बॅरी बाँड्स या खेळाडूनं मेपलनंच ७३ होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, मारले आणि सगळे मेपलकडं वळले. मेपल कठीण, पापुद्रे सुटत नाहीत. पण फुटतं तेव्हा सुऱ्यासारखे तुकडे उडतात. २००८ मध्ये मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगनं फुटलेल्या बॅटी गोळा करून तपासल्या. मुठीच्या भागात धागा लांबीला सरळ न जाता तिरका गेला की बॅट तिथंच जाते, असं दिसलं. तेव्हापासून मेपलच्या मुठीवर शाईचा ठिपका टाकतात. शाई धाग्याच्या दिशेनं पसरते आणि तिरकेपणा उघड होतो. तीन अंशांपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या मेपलवर असा ठिपका असेल तर तो बघावाच. ॲशकडं परत जावं तर २००२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला हिरवा भुंगेरा सापडला, आणि त्याच्या अळ्यांनी तेव्हापासून ॲशची जंगलंच पोखरली आहेत.

आता धातू. ॲल्युमिनियम आलं ते जोरात मारायला नव्हे, पैसे वाचवायला. लाकडी बॅट हंगामात किती मोडतील याचा भरवसा नसायचा. धातूच्या बॅटीचं पेटंट १९२४ चं, पण माल दिसायला लागला १९७० च्या सुमारास, आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलनं तिला परवानगी दिली. क्रिकेटवाल्यांना इथं डेनिस लिली आठवेल: १९७९ मध्ये पर्थला तो ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, वाद झाला आणि पुढं नियमातच लाकूड सक्तीचं झालं. बेसबॉलमध्ये मेजर लीग लाकडावर राहिली, कॉलेजं धातूवर गेली.

मग लक्षात आलं की पोकळ नळी बॉलला जास्त उडवते. लाकडावर बॉल स्वतःच चेपतो आणि त्यात त्याचा जोर जातो. नळीची भिंत आत दबून परत उसळते, त्यामुळं तो जोर वाचतो. कंपन्यांनी जस्त-मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या मजबूत मिश्रधातूंनी भिंती पातळ करत नेल्या, पुढं कार्बन फायबरचं कंपोझिट आणलं, आणि स्वस्ताईसाठी आलेली बॅट लाकडापेक्षा कितीतरी महाग होऊन बसली. शेवटी २०११ पासून कॉलेजमध्ये बीबीकॉर .५० हा शिक्का सक्तीचा झाला. त्यात उसळीला मर्यादा आहे, आणि इंचांतल्या लांबीपेक्षा औंसांतलं वजन तीनपेक्षा जास्त कमी चालत नाही. इथं शाळेच्या पोराला त्या शिक्क्याची गरज नाही, पण बॅटीचं वय ओळखायला तो कामाला येतो.

भाच्यासाठी मिळालेली बॅट ॲल्युमिनियमची होती. ती घेऊन मी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडं गेलो. मिस्त्रीमामांनी बॅटीचा जाड भाग सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या लोखंडी पाटावर, ठेवला, मूठ कडेच्या बाहेर राहू दिली, हळूहळू फिरवला आणि वाकून पाहिलं. "ह्यो बघा पाव्हणं, हितनं उजेड दिसतोय." फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, घालून म्हणाले, "चेपलीया, पर चीर न्हाई. पोरगं दोन वर्सं खेळतंय." मग बोटाच्या पेरानं टकटक करत खालपासून वरपर्यंत ऐकलं. चीर असेल तिथं आवाज बसका येतो.

कंपोझिटला ही परीक्षा चालत नाही. ते वापरानं आधी जास्त उसळतं आणि मग एकदम ढेपाळतं, त्यामुळं विकणारा मनापासून सांगतो, "लई भारी उडतोय बॉल." थंडीतही ते तडकतं; साधारण १५-१६ अंशांखाली वापरू नये म्हणतात, आणि डिसेंबरात आपला सकाळचा सराव नेमका त्याच तापमानात असतो. मी मागं एक घेतली होती, ग्रिप नवी कोरी बघून भुललो. महिन्याभरानं ग्रिप सोडली तर खाली केसाएवढी चीर, वर फेविक्विक. जुन्या बॅटीची ग्रिप नवी असेल तर ती सोडूनच बघावी. नवी ग्रिप काही फार महाग नसते.

आणि आपल्याकडं होणारी नेहमीची गफलत म्हणजे सॉफ्टबॉलची बॅट बेसबॉलची म्हणून गळ्यात पडणं. सॉफ्टबॉलची बॅट बारीक, जास्तीत जास्त सव्वादोन इंच व्यासाची, आणि भिंत मऊ बॉलच्या बेतानं पातळ. कडक बेसबॉलनं ती थोड्याच दिवसांत चेपते. कंपास पेटीतली पट्टी आणि एक दोरा खिशात असला तरी हे जागेवर मोजता येतं.

भाच्याच्या बॅटीची तपासणी झाल्यावर मिस्त्रीमामांना पैसे विचारले. नको म्हणाले. रिकाम्या जागेत जाऊन दोनदा फिरवून बघितली आणि म्हणाले, "आमच्या तालमीत फिरवायचं लाकडी करेल ह्याच्यापेक्षा जड हुतं."