झडप किती वेळ मिटलेली राहते?

वाशी-बेलापूरच्या खाडीकाठाला फिरायला येणाऱ्यांना तिथले होल्डिंग पाँड शोभेचे तलाव वाटतात. खरं तर ती शहराची पूरव्यवस्था आहे. नवी मुंबईची बरीचशी जमीन उधाणाच्या पातळीखालची. सगळीकडे उंच भराव घालण्याऐवजी शहर वसवणाऱ्या सिडकोनं डच धर्तीवर बांध आणि हे धारण तलाव आखले.

तलाव आणि खाडी यांच्यामध्ये वरून बिजागरीवर टांगलेली झडप असते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं. वीज नको, माणूस नको. आगरी शेतकऱ्यांच्या खारबांधांतल्या, म्हणजे खारं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या बांधांतल्या, उघाड्यांचं (पाणी सोडायच्या दारांचं) कामही हेच. झडप मिटलेली असताना पडलेला पाऊस तलावात साठतो, वाढला तर पंपानं उपसावा लागतो. पण झडपेत फळीचा तुकडा किंवा प्लास्टिकचं बोचकं अडकून ती दोन बोटं जरी उघडी राहिली, तरी भरती आत शिरते, सोबत गाळ आणते. गाळावर खारफुटी रुजते. ती तोडायची तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालानुसार न्यायालयाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण तोवर तलाव उथळ होत राहतो.

आता समुद्राकडे पाहू. 1901 ते 2018 या काळात जगभरात समुद्रपातळी सरासरी 20 सेंटीमीटर वाढली. 2006 ते 2018 दरम्यानचा वेग वर्षाला 3.7 मिलीमीटर होता. शतकाअखेर वाढ अंदाजे 30 सेंटीमीटरवर थांबेल की मीटरभर होईल, हे आपण किती कार्बन सोडतो यावर ठरेल. इंजिनिअरची अडचण नेमकी इथं आहे. कुठला आकडा धरून बांधायचं?

30 सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. एक ढोबळ हिशेब करू. भरती-ओहोटीत 4 मीटरचा फरक आहे आणि पाणी मध्यपातळीच्या 1 मीटर वर गेलं की झडप मिटते, असं धरा. मग प्रत्येक भरतीला ती चार तासांहून थोडी अधिक मिटलेली राहील. समुद्र 30 सेंटीमीटर वर आला, तर या वेळात सुमारे 40 मिनिटांची भर पडते. त्या 40 मिनिटांत ताशी 50 मिलीमीटरनं पाऊस झाला, तर एका चौरस किलोमीटरवर 3 कोटी लिटरहून जास्त पाणी पडतं, आणि काँक्रीटच्या शहरात त्यातलं फारच थोडं मुरतं. बांधावरून एक थेंबही आत न येता शहर तुंबू शकतं.

म्हणून 2100चा एकच आकडा पकडून आज भलीमोठी भिंत बांधायची नाही, आणि हातावर हात ठेवूनही बसायचं नाही. कुठल्या खुणेला कुठलं पाऊल उचलायचं, ते आधीच ठरवून ठेवायचं. लंडननं हे केलंय. 1953च्या पुरानंतर थेम्स नदीवर भरतीचं पाणी रोखणारा अडसर हवा असं ठरलं, पण तो चालू व्हायला 1982 उजाडलं. जवळपास तीस वर्षं! या अनुभवामुळे तिथल्या ‘थेम्स एस्च्युरी 2100’ आराखड्यात पर्यायांसोबत त्यांना लागणारा तयारीचा काळही धरला आहे आणि पातळी सतत मोजली जाते. 2023च्या फेरआढाव्यात अडसराच्या वरच्या अंगाला नदीकाठी असलेल्या पूरभिंती उंच करण्याची मुदत 2065वरून 2050वर आणली गेली.

आपल्याकडे क्रम असा लागू शकेल: आधी गाळ आणि झडपा, मग जास्त ताकदीचे पंप, मग जादा तलाव, शेवटी बांधांची उंची. यातल्या पंपांना काही वर्षं पुरतील. तलावाला मात्र मोकळी सखल जमीन लागते, आणि तिच्यावर एकदा टॉवर उभा राहिला की तो पर्याय यादीतूनच जातो. माझ्या मते सगळ्यात घाई इथंच आहे, कारण बाकी यंत्रं पैसे टाकून नंतरही आणता येतात. मोजमापाला फार खर्च नाही: दर मे महिन्यात प्रत्येक तलावातल्या गाळाची पातळी, आणि दर भरतीला झडप किती मिनिटं मिटली याची नोंद. ती मिनिटं ठरलेल्या आकड्यापलीकडे गेली की पुढच्या पंपाची निविदा निघाली पाहिजे, रस्त्यात पाणी येण्याची वाट न बघता.