कामावर अपघात झाला तर भरपाईचा अर्ज: पगार, वय आणि टक्का

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर (पत्रा दाबायच्या मशीनवर) बोट गेलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. अशा लोकांचे अर्ज लिहून देताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली. भरपाईची रक्कम कोर्टात ठरते खरी, पण ती कमी होते अपघाताच्या दिवशीच, दवाखान्यातल्या केस पेपरवर.

होतं असं. जखमी कामगाराला दवाखान्यात घेऊन जातो सुपरवायझर. डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" कामगार हात रुमालात गुंडाळून कण्हत असतो, म्हणून उत्तर सुपरवायझर देतो, "घरी गाडीची चेन साफ करत होता." डॉक्टर तेच लिहितात. सहा महिन्यांनी मालकाचा वकील तोच कागद काढून दाखवतो. म्हणून शुद्धीवर असाल तर स्वतः सांगा: कंपनीत, मशीनवर, अमुक वाजता. नसाल तर नातेवाइकाने सांगावं. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

अर्जाचा विचार करण्याआधी पगाराची स्लिप काढा. त्यात ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) ०.७५ टक्के कपात दिसते का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले आणि ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी काम करणारे या योजनेत येतात. तुम्ही विमाधारक असाल तर कामावरच्या इजेची भरपाई ईएसआयकडूनच मिळते, मालकाविरुद्ध भरपाईचा वेगळा दावा चालत नाही. यात तोटा नाही. उपचार मोफत, बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम. कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क लागू. मालकाने अपघाताचा अहवाल पाठवला का, एवढं मात्र ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः जाऊन पाहावं.

ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा रस्ता. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याआधीच्या अपघातांना जुना कायदा. हिशेबाचा सांगाडा दोन्हीकडे तोच आहे. संहितेत घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, धरला जातो.

पात्रतेबद्दल गैरसमज फार. "चूक माझीच होती," असं म्हणून लोक गप्प बसतात. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि तुमच्या साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारू पिऊन काम करणं किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकणं, असली कारणं मालक पुढे करू शकतो, पण मृत्यू किंवा संपूर्ण कायमचं अपंगत्व आलं असेल तर तीही चालत नाहीत. प्रॉडक्शन वाढावं म्हणून प्रेसचा सेन्सर सुपरवायझरनेच बंद करवला असेल, तर तसं अर्जात स्पष्ट लिहा आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं नाव साक्षीदार म्हणून द्या. ठेकेदाराकडून लागलेल्या कामगाराने ठेकेदार आणि मूळ कंपनी, दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करावं. ठेकेदार उद्या बोर्ड काढून निघून जातो, कंपनीची शेड तिथेच राहते.

आता हिशेब. संपूर्ण कायमच्या अपंगत्वात महिन्याच्या पगाराच्या ६० टक्क्यांना कायद्यात दिलेल्या वयाच्या गुणकाने गुणतात. मृत्यू झाल्यास ५० टक्के धरतात. अंशतः अपंगत्व असेल तर आलेल्या रकमेचा जेवढा टक्का कमाईची ताकद गेली, तेवढी रक्कम मिळते. अपघात २०२४ सालचा, वय पूर्ण ३०, पगार १४,००० आणि एका हाताची दोन बोटं गेली, असं धरू. १४,००० चे ६० टक्के ८,४००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १७,४७,०३२. दोन बोटांना कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के, म्हणजे सुमारे ३,४९,४०६ रुपये.

हाच पगार मालकाने ९,००० दाखवला तर? हातात येतात सुमारे २,२४,६१८. सव्वा लाखाचा फरक फक्त पगाराच्या कागदामुळे. म्हणून बँकेचं पासबुक, हजेरी कार्ड, ओव्हरटाइमची नोंद, पगार जमा झाल्याचे मोबाइलवरचे मेसेज, सगळं जपा. रोखीत पगार असेल तर सोबतच्या कामगाराची साक्ष आणि त्या धंद्याचं किमान वेतन, हे दोन आधार राहतात. उलट्या बाजूने, ३ जानेवारी २०२० पासून जुन्या कायद्याखाली महिना १५,००० च्या वरचा पगार हिशेबात धरला जात नाही, त्यामुळे २५,००० वाल्यालाही १५,००० वरच मोजतात. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला लावा. वय जसं वाढतं तसा गुणक उतरतो, चाळिशीला तो १८४.१७ होतो.

खरी ओढाताण टक्क्यावर. परिशिष्टात अख्खा अंगठा गेला तर ३०, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, चारही बोटं ५०. सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं: ते शरीराचं अपंगत्व सांगतं, कमाईचं नाही. इथे १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामी येतो. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने नुकसान १०० टक्के धरलं. तेव्हा अर्जात "दोन बोटं गेली" एवढ्यावर थांबू नका. प्रेसवर डाय (साचा) बसवता येतो का, वेल्डिंगची गन धरता येते का, पूर्वी काय करत होतात आणि आता काय जमत नाही, ते लिहा. डॉक्टरांनाही तेच विचारायला सांगा.

अर्जाची वाट अशी. आधी मालकाला लेखी नोटीस: तारीख, वेळ, मशीन, इजा, मागणी. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती चिकटवून ठेवा. तडजोड झाली नाही की अपघातापासून दोन वर्षांच्या आत अर्ज. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून हे दावे चालवत आले आहेत. अपघात भोसरीत आणि तुम्ही आता लातूरला गावी राहता? अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, तारखेला पुण्याला खेटे घालायची गरज नाही. सोबत केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, पोलिसांत नोंद झाली असल्यास तिची प्रत, आधार, पगाराचे आणि वयाचे पुरावे. मृत्यूच्या दाव्यात वारसांचे कागद. मालकाची डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा) असेल तर विमा कंपनीलाही सामनेवाली करा. रस्त्यावर गाडीचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा हा मार्ग, दोन्हीपैकी एकच निवडता येतो.

यात मालकाकडून हमखास दोन गोष्टी कानावर येतात. पहिली, "दवाखान्याचे लाखभर आम्हीच भरले, आता कसली भरपाई?" उपचाराचा खर्च मालकाचाच असतो, तो भरपाईतून वळता करता येत नाही. दुसरी, "पन्नास हजार घे आणि इथे सही कर." हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्याने रद्दबातल असतो, आणि खरी तडजोडही आयुक्तांकडे नोंदवावी लागते. तरीही कोऱ्या कागदावर किंवा व्हाउचरवर सही करू नका. ते खोडून काढण्यातच वर्ष जातं.

बरं होईपर्यंतच्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मागता येतात. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकलं तर पहिल्या दिवसापासून, नाहीतर पहिले तीन दिवस सोडून. ही रक्कम मात्र पुढच्या एकरकमी भरपाईतून वजा होते.

महिनाभरात पैसे दिले नाहीत तर जुन्या कायद्यात १२ टक्के व्याज आणि कारण नसताना टाळाटाळ केल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड आहे. दोन्ही अर्जात मागा. वरच्या उदाहरणात व्याजच वर्षाला सुमारे ४२,००० होतं. दंड विमा कंपनीवर ढकलता येत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो, म्हणून त्या मागणीला तडजोडीच्या टेबलावर वजन असतं.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मालकाला उच्च न्यायालयात जायचं असेल, तर जुन्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांत आणि आधी निकालाची रक्कम जमा करूनच अपील करता येतं. तेव्हा अपिलाची नोटीस आली की घाबरण्याआधी आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन एवढंच विचारा, पैसे भरले का.