डाळ शिजत नाही तिथे दाढीचा फेसही टिकत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या बोअरच्या पाण्याची पारख आधी स्वयंपाकघरात होते. चार शिट्ट्या झाल्या तरी तुरीचा दाणा बोटाखाली फुटत नाही, वरणात पाणी वेगळं आणि डाळ वेगळी राहते. मग घरात म्हणतात, पाणी जड आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधून टाकतं, म्हणून डाळ विरघळत नाही. तेच कॅल्शियम सकाळी आरशासमोर दाढीच्या साबणालाही गाठतं. फेस होतो न होतो तोच बसतो, रेझर गालावर अडखळतो, मानेवर लाल पुरळ उठतं. आणि दोष पात्याला दिला जातो.

एकधारी सेफ्टी रेझर हाती घेणाऱ्याने पाण्याची ही गोष्ट आधी समजून घ्यावी. रेझर आणि पातं त्यानंतर.

एकधारी म्हणजे ज्याच्या पात्याला एकाच बाजूला धार आहे असा. आपल्याकडे सेफ्टी रेझर म्हटलं की दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातळ पातं डोळ्यांसमोर येतं, पण वयाने एकधारी रेझर थोरला आहे. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या सेफ्टी रेझरमध्ये वस्तऱ्याच्या तुकड्यासारखं जाड, एकाच धारेचं पातं होतं आणि ते पुन्हा पुन्हा चामड्यावर परजावं लागे. वापरून फेकून द्यायच्या पातळ दुधारी पात्याचं जिलेटचं पेटंट १९०४ चं. आज जे एकधारी पातं मिळतं, ज्याला जेम प्रकार म्हणतात, त्याच्या मागच्या कडेवर धातूची दुमडलेली पट्टी असते. त्या पाठीला धरूनच पातं उचलायचं.

सलूनमध्ये कारागीर वस्तऱ्यात घालतो ते अर्धं पातंही एकधारीच. दुधारी पातं कागदासकट लांबीत वाकवलं की मधोमध कट्कन तुटतं, दोन दाढ्यांची सोय होते. पण या दोन एकधारी पात्यांमध्ये मोठा फरक आहे, आणि तो जाडीचा आहे. दुधारी पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, जेम प्रकारचं ०.२३ मिलिमीटरच्या आसपास. फरक सव्वादोन पटींचा दिसतो, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २.३ चा घन बाराच्या घरात जातो. म्हणजे मोकळं धरलं तर जाड पातं पातळ पात्याच्या बारापट ताठ. राठ केसाला भिडल्यावर पातळ पात्याची धार किंचित लवते, केस सोडून पुन्हा जागेवर येते, पुन्हा लवते. ही थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण गालाला जाणवते. दुधारी रेझरमध्ये पातं कमानीसारखं वाकवून आवळलेलं असतं ते हीच थरथर मारण्यासाठी. वस्तऱ्यातल्या अर्ध्या पात्याला ती कमान नसते, तिथे थरथर कारागिराचा सरावलेला हात सांभाळतो. जाड एकधारी पात्याला मात्र कमानीची गरजच नाही. ते सपाट बसतं आणि सपाटच राहतं. राठ, दाट दाढी असलेल्यांना ते मानवतं ते यामुळे.

एक इशारा इथेच देऊन ठेवावा. काचेवरचा रंग खरवडायला हार्डवेअरच्या दुकानात पाठीची पट्टी असलेली अशीच पाती मिळतात. ती रेझरमध्ये बसतीलही, पण ती दाढीची नाहीत. दाढीचं पातं साधारण १३ टक्के क्रोमियम असलेल्या स्टेनलेस पोलादाचं असतं आणि त्याच्या धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तो थर नसेल तर कितीही तीक्ष्ण धार केसाला घासत, ओढत जाते.

आता केस. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो चिवट, भिजल्यावर नरम, कारण पाणी केराटिनच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल करतं. पुरता भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पितो. त्याला दोन ते तीन मिनिटं लागतात, कोमट पाण्यात थोडी कमी. केसांवर तेलाचा थर असेल तर पाणी आत शिरत नाही, म्हणून आधी साध्या साबणाने तोंड धुणं हा दाढीचाच भाग समजावा. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आंघोळ आधी, दाढी नंतर. आपल्याकडे उलटा क्रम रूढ आहे आणि घाईच्या सकाळी त्यानेच निम्मी आग होते.

केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ आहे, तरी पातं काही दाढ्यांत बोथट होतंच. हे कोडं २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या रोशिओली, ताशान आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून उलगडलं. धार हळूहळू झिजून गोल होण्याऐवजी तिचे सूक्ष्म कपचे उडताना त्यांना दिसले. केस पात्याला तिरका भेटला, आणि भेटीच्या जागी पोलादाची आतली रचना एकसारखी नसली, की धारेवरचा ताण एका बिंदूशी एकवटतो आणि तिथला कण सुटतो. पातं पुसण्याआधी हे लक्षात ठेवावं. टॉवेलच्या धाग्यावर घासून पातं पुसणं म्हणजे धार आणि तिच्यावरचा थर दोन्ही आपल्या हाताने बिघडवणं. पाण्याखाली धरून झटकावं, एवढं पुरे.

पाण्याकडे परत येऊ. दाढीचा साबण मुख्यतः स्टिअरिक आम्लाचा, पोटॅशियम आणि सोडियम या दोन्हींच्या क्षारांनी बनवलेला असतो. पोटॅशियमने फेस लवकर उठतो, सोडियमने वडी घट्ट राहते. पाण्यातलं कॅल्शियम या दोघांना हुसकावून स्टिअरिक आम्लाला चिकटतं आणि कॅल्शियम स्टिअरेट तयार होतं. न्हाणीघरात बादलीच्या कडेला जो चिकट राखाडी साका बसतो तो हाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० च्या पाण्याचा हिशोब मांडून पाहा. असं ५० मिलिलिटर पाणी फेसात गेलं तर ते सुमारे ०.२ ग्रॅम साबण मारून टाकतं, म्हणजे गव्हाच्या पाचेक दाण्यांच्या वजनाइतका. एका दाढीला ब्रशवर साबण येतो तोच ग्रॅमभराच्या आसपास. शिवाय मेलेला साबण गप्प बसत नाही. त्याचे कण फेसाच्या बुडबुड्यांच्या पडद्यात घुसून ते फोडतात. म्हणून जड पाण्यात साबण दुप्पट लावला तरी फेस तासलेल्या लाकडासारखा कोरडाच दिसतो.

उपाय घरातच आहे. पिण्यासाठी आणलेल्या जारचं किंवा आरओचं पाणी एक वाटी, म्हणजे १०० ते १५० मिलिलिटर, दाढीसाठी बाजूला काढावं. ब्रश त्यात भिजवायचा, फेस त्याच पाण्यात करायचा. तोंड धुवायला आणि रेझर खळबळायला बोअरचं पाणी चालेल. आरओ नसेल तर पाणी पाच-सात मिनिटं खळखळ उकळून झाकून ठेवावं आणि थंड झाल्यावर वरचं निवळ ओतून घ्यावं. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा अशा उकळण्याने तळाशी पांढऱ्या थरात बसतो. बंबाच्या आत खपली धरते ती त्याचीच. क्लोराइड आणि सल्फेटमुळे आलेला जडपणा मात्र उकळून जात नाही, तिथे आरओ किंवा साठवलेलं पावसाचं पाणी हाच मार्ग. काही जण पाण्यात लिंबू पिळतात, ते करू नये. आम्लामुळे साबण फुटून त्यातलं स्टिअरिक आम्ल मोकळं होतं आणि ब्रशवर नुसता मेणचट थर उरतो.

ब्रश मिनिटभर भिजवून दोनदा झटकावा आणि साबणाच्या वडीवर वीस ते तीस सेकंद फिरवावा. पहिला फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो, तो लावायचा नाही. अर्धा चमचा पाणी घालून पुन्हा फिरवावा, मग पुन्हा अर्धा. बुडबुडे दिसेनासे झाले, फेसाला घुसळलेल्या दह्यासारखी चकाकी आली आणि ब्रश उचलल्यावर मऊ टोक वाकून पडलं, की थांबावं. वैशाखात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो आणि हवेत ओल नसते, तेव्हा गालावरचा फेस दोन-तीन मिनिटांत कडेने सुकायला लागतो. सुकलेल्या फेसावर पातं चालवणं म्हणजे कोरड्या कातडीवर चालवण्यासारखंच. उन्हाळ्यात सगळ्या तोंडाला एकदम फेस लावू नये. आधी एक गाल, तो उरकला की दुसरा, मग हनुवटी आणि मान, आणि प्रत्येक वेळी ब्रशचं टोक पाण्यात बुडवून.

रेझरचं झाकण उघडून पातं पाठीला धरून सरकवावं, दोन्ही टोकं अडणींना टेकली का बघावं, मग बंद करावं. उजेडाकडे धरलं की संरक्षक पट्टी (धारेखालची, कातडीला टेकणारी रेझरची कड) आणि धार यांच्यामधली फट डावी-उजवीकडे सारखी दिसली पाहिजे. एका टोकाला जास्त दिसली तर पातं तिरपं बसलंय. अशा रेझरचा चिरा नेहमी त्याच बाजूने पडतो. उघडून पुन्हा बसवावं, दाबून सरळ करू नये.

दाढीच्या आधी, कोरड्या गालावर कापसाचा बोळा फिरवून पाहावा. खानदेशात घरात कापूस शोधावा लागत नाही. बोळा ज्या दिशेने सरकतो ती केसांची दिशा, जिथे तंतू अडकतात ती उलटी. गालावर दिशा बहुधा वरून खाली असते, पण मानेवर ती आडवी, कधी भोवऱ्यासारखी फिरलेली सापडते. मानेवरची आग बहुतेक वेळा न ओळखलेल्या भोवऱ्याची असते.

पात्याचा कोन एकदा हाताला कळला की विसरत नाही. रेझरच्या डोक्याची वरची सपाट बाजू गालावर टेकवावी. त्या वेळी दांडा गालातून बाहेर आल्यासारखा असतो आणि धार कातडीला लागत नाही. आता दांडा किंचित खाली आणावा. संरक्षक पट्टी आणि धार दोन्ही एकदम टेकल्या, की तोच कोन. दुधारी रेझरमध्ये तो तीसेक अंश असतो. जेम प्रकारात डोकं त्याहून सपाट, जवळजवळ गालावर आडवंच चालतं, आणि दुधारीची सवय असलेले इथेच चुकतात. दांडा जास्त खाली गेला की पातं कापायचं सोडून खरवडायला लागतं. कान उघडे ठेवावेत. बरोबर कोनाला बारीक, एकसारखा खरखर आवाज येतो. आवाज गेला म्हणजे कोन सुटला.

दाब द्यायचा नाही. ७०-८० ग्रॅमचा धातूचा रेझर स्वतःच्या वजनाने कापतो. बोटांनी दाबलं की संरक्षक पट्टी आणि धार यांच्यामधल्या फटीत कातडी फुगून वर येते आणि धार केसाबरोबर तो फुगवटाही सोलते. प्लास्टिकच्या बहुपाती रेझरला दाबायची सवय लागलेली असते, म्हणून पहिले आठ-दहा दिवस चुका होतात. हात, म्हणजे रेझरची एकेक ओढ, दोन-तीन सेंटीमीटरचे, छोटे. दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली. दोन-तीन हातांनंतर डोकं पाण्यात खळबळावं, कारण एकाच बाजूला धार असल्याने फट लवकर भरते. कंठमण्यावर सरळ जाऊ नये. कातडी एका बाजूला ओढून सपाट जागेवर आणावी आणि तिथे कापावी.

पहिला हात सुलटा, केसांच्या दिशेने. पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. बहुतेकांना एवढं पुरतं. उलटा हात ज्यांची कातडी सोसते त्यांनीच मारावा, मानेवर तर जपूनच. बहुपाती रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढून वर आणतं आणि मागचं त्याला खाली छाटतं, मग केसाचं टोक कातडीच्या आत जातं. कुरळा केस तिथून वाढताना बाहेर यायची वाट चुकतो आणि कातडीतच रुतून गाठ धरतो. एक पातं केस सहसा कातडीच्या पातळीवर कापतं, म्हणून अशा गाठींचा त्रास असणाऱ्यांना ते सोयीचं जातं. पण उलटा हात दोनदा-तीनदा मारला तर हा फायदा हातचा जातो.

चिरा पडलाच तर गार पाणी मारून ओली तुरटी वीस-तीस सेकंद दाबून धरावी. तुरटीतलं ॲल्युमिनियम प्रथिनं गोठवतं आणि बारीक रक्तवाहिनीचं तोंड मिटवतं. तुरटी अख्ख्या गालावर फिरवली तर जिथे जास्त चुरचुरतं तिथे आज दाब जास्त पडला, हेही कळतं. मात्र तुरटीचा खडा ज्याचा त्याने वेगळा ठेवावा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. सलूनमध्ये नवं पातं समोर फोडून घेणारे लोक तोच सगळ्यांच्या गालावरून फिरलेला खडा निमूट लावून घेतात. तिथेही नको म्हणावं.

दुधारी पातं तीन ते पाच दाढ्या, जाड एकधारी पाच ते सात. केस ओढला जातोय असं वाटलं, की पातं बदलावं, आकडा मोजत बसू नये. वापरलेली पाती पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडून त्यात टाकत जावीत. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून घंटागाडीवाल्याच्या हाती सांगून वेगळा द्यावा, कारण ओल्या कचऱ्यातलं सुटं पातं शेवटी कचरा निवडणाऱ्याच्या हातात घुसतं.

रेझरच्या सांध्यात महिन्याभरात पांढरा क्षार धरतो. ठिबकचे ड्रिपर बुजतात तोच हा कॅल्शियम कार्बोनेट, आणि केळीच्या बागेत नळ्यांमधून आम्ल सोडून जो तो काढतो त्याला इथली रीत वेगळी सांगायला नको. पातं काढून रेझर निम्म्या पाण्याच्या व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं ठेवावा, जुन्या दातांच्या ब्रशने घासावा, धुऊन कोरडा करावा. रात्रभर ठेवू नये. बऱ्याच रेझरांचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. वरच्या क्रोमला कुठे टाचणीएवढं भोक असेल तर आम्ल तिथून आत शिरतं आणि मुलामा फुगून सुटतो.