घरच्या घरी मोटरसायकलच्या चाकाचं बॅलन्सिंग

टायर, ट्यूब, रिम, व्हॉल्व, डिस्क असं सगळं मिळून जे चाक होतं त्याचं वजन सगळीकडं सारखं कधीच नसतं, कुठंतरी एका बाजूला थोडं जास्त भरतं, मग त्याच्या बरोब्बर समोर रिमवर तेवढंच वजन लावायचं, यालाच व्हील बॅलन्सिंग म्हणतात. हे घरी होतं आणि चांगलं होतं. कारचं चाक रुंद असल्यानं आतल्या आणि बाहेरच्या कडेला वेगवेगळं वजन लागतं, ते मशीनवरच कळतं. बाइकचं चाक अरुंद, त्यामुळं जड बाजू खाली येते एवढ्या एका गोष्टीवर बहुतेक काम भागतं.

साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा गाडी फिरवणाऱ्याला फरक जाणवत नाही, कासच्या घाटातही नाही, कारण तिथं स्पीडच नसतो. पण हायवेला लागून कराडकडं निघालं आणि काटा ७०-८० वर टिकला की हँडल बारीक थरथरायला लागतं. जड बाजू फिरताना चाकाला बाहेर ओढते, आणि वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. १७ इंची रिमवर एका जागी २० ग्रॅम जास्त असेल तर ताशी ८० ला चाक सेकंदाला साधारण १२ फेरे मारतं आणि ते २० ग्रॅम जवळजवळ अडीच किलोच्या जोरानं चाकाला बाहेर ओढतं, ४० ला हाच जोर ६०० ग्रॅमच्या आसपास असतो.

वजन चिकटवायच्या आधी चाक नीट बघा, हे बहुतेक जण टाळतात आणि तिथंच घोळ होतो. रिम आऊट म्हणजे वाकडी असेल, टायर एका बाजूला नीट बसला नसेल किंवा बेअरिंगमध्ये प्ले म्हणजे ढिलेपणा असेल तर कितीही वजन लावा, थरथर जाणार नाही. सांगलीकडं पावसात उसाच्या रानातून गाडी आली की काळी माती रिमला आतून चिकटून वाळते, ती आधी खरवडून धुवायची. काही नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, ती टायरची हलकी बाजू, टायर चढवतानाच ती व्हॉल्वजवळ आणली की वजन कमी लागतं.

आता पद्धत. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक काढायचं, एक्सल परत चाकात घालून त्याची दोन टोकं सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर ठेवायची. अडचण एकच, चाकाच्या बेअरिंगचं सील आणि घट्ट ग्रीस यामुळं चाक अडखळतं आणि पाच-दहा ग्रॅमचा फरक सापडतच नाही. त्यापेक्षा कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून सरळ रॉड आणि चाक त्यावर मधोमध धरणारे शंकूच्या आकाराचे दोन कोन करून घ्यावेत आणि रॉडची टोकं छोट्या बॉल बेअरिंगवर ठेवावीत, एकदाच खर्च होतो आणि काम फार अचूक होतं. चाक हळू फिरवून सोडलं की जड बाजू ओळंब्यासारखी खाली येऊन थांबते, वरच्या टोकाला खडूनं खूण करायची. दोन-तीनदा करून बघायचं, दरवेळी वेगळीकडं थांबलं तर एकतर चाक बॅलन्स आहे नाहीतर काहीतरी अडकतंय. खुणेपाशी ५ ग्रॅम वजनाची चिकटपट्टी आधी तात्पुरती सेलोटेपनं लावायची, खूण आडवी धरून सोडायची, ती वर गेली तर वजन कमी आहे, खाली आली तर जास्त, जिथं सोडली तिथंच राहिली की झालं. मग रिम स्पिरिटनं पुसून पट्ट्या पक्क्या चिकटवायच्या. तारांच्या चाकाला निपलवर, म्हणजे स्पोक रिमला जोडणाऱ्या छोट्या नटवर, बसणारी वजनं मिळतात, नाहीतर सोल्डरची तार स्पोकला घट्ट गुंडाळतात. मागच्या चाकालाही हेच, फक्त चेनमुळं काढाघाल जास्त.

टायरच्या आत टाकायचे बारीक मणीही मिळतात, ते वेगात आपोआप हवे तिकडं सरकतात, पण मोजून लावलेलं वजन जास्त भरवशाचं. पंक्चरचं जेल भरायचं असेल तर बॅलन्सिंग आधी उरकावं, कारण आतलं जेल सारखं खाली ओघळतं आणि जड बाजू चुकीची दाखवतं.

चाक बाहेर असताना डिस्क ब्रेकचा लिव्हर अजिबात दाबायचा नाही, कॅलिपरही (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही, तो दोरीनं बांधायचा. चाक परत बसवल्यावर एक्सलचा नट नीट आवळायचा, लावलेलं वजन कॅलिपरला घासत नाही ना हे चाक हातानं फिरवून बघायचं, आणि ब्रेक कडक लागेपर्यंत लिव्हर पंप केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.