मोहिमेची गाडी : निवड आणि फेरबदल

रस्ता, पेट्रोल पंप, गॅरेज, मोबाइलची रेंज यातलं काहीच नसलेल्या मुलखात बरेच दिवस स्वतःच्या भरवशावर फिरायचं म्हणून जी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ मिळणारी, गाडी निवडून तयार करतात ती मोहिमेची गाडी. खडकांवर चढायच्या स्पर्धेतली गाडी दिसायला हिच्यासारखीच, पण दोघींचं काम अगदी वेगळं. तिकडे गाडी मोडली तर ट्रेलरवर चढवून घरी नेतात, इथे मोडली की माणसंच अडकतात. त्यामुळे हिची खरी परीक्षा एखाद्या अवघड चढावर होत नाही, पूर्ण लोड घेऊन हजारो किलोमीटर खडखडत जायचं आणि तरी काही तुटायचं नाही, ही ती परीक्षा.

याची सुरुवात बघायला गेलं तर गंमत आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी आणि १९३० च्या दशकात राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश लष्करी इंजिनियर लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन फिरला, त्यांना चारही चाकांची ओढ नव्हतीच. त्याने टायरमधली हवा कमी केली, रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पट्ट्या नेल्या, रेडिएटरमधून उडणारी वाफ एका डब्यात धरून तिचं पाणी परत रेडिएटरमध्ये जाईल अशी सोय केली आणि गाडीवरचं नको ते काढून टाकलं. १९४० मध्ये त्याने उभ्या केलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या ब्रिटिश लष्करी टेहळणी तुकडीच्या शेव्हरोले ट्रकांनाही टप नव्हता, दारं नव्हती. आज अ‍ॅक्सेसरीजचे कॅटलॉग चाळताना हे आठवावं, कारण तिथे काढून टाकण्याबद्दल एक ओळ सापडत नाही.

गाडी निवडताना लोक आधी इंजिनची ताकद बघतात, बघायला हवा पेलोड, म्हणजे गाडी किती वजन वाहू शकते ते. गाडीचं कर्ब (रिकाम्या गाडीचं) वजन समजा २२०० किलो आणि कंपनीने ठरवलेलं कमाल ग्रॉस (भरलेल्या गाडीचं) वजन ३००० किलो, म्हणजे हातात आले ८०० किलो. त्यात दोन माणसं १६०, लोखंडी बंपर ५५, विंच (दोराने गाडी ओढणारं मोटरचं यंत्र) ३०, टपावरचा रॅक ३५, त्यावरचा तंबू ६०, मागचे ड्रॉवर ६०, फ्रिज आणि खाणं ६०, दुसरी बॅटरी २५, दुसरी स्टेपनी ३५, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, जादा डिझेल ७० लिटर म्हणजे साधारण ५८ किलो, हत्यारं आणि स्पेअर पार्ट ४०. झाले ६७८, आणि अजून कपडे, अंथरुणं, भांडी, कॅमेरे काहीच धरलेलं नाही. ग्रॉस वजन ओलांडलं की ब्रेकचं अंतर वाढतं, बेअरिंग आणि अ‍ॅक्सल लवकर जातात, चॅसीला मागच्या चाकांच्या वर तडे जातात, आणि बऱ्याच देशांत ते बेकायदाही आहे शिवाय इन्शुरन्सवाले हात वर करतात ते वेगळंच. म्हणून सुझुकी जिम्नी रस्ता नसलेल्या ठिकाणी भल्याभल्यांना मागे टाकते, पण लांबच्या मोहिमेला तिच्यात जागा आणि पेलोड दोन्ही कमी पडतं, एकट्यादुकट्याने मोजकं सामान घेऊन जायचं असेल तर मात्र झकास.

बाकी पाया जुनाच आहे. शिडीसारखी वेगळी चॅसी, लो-रेंज (जादा हळू गिअर) असलेला ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, आणि निदान मागच्या अ‍ॅक्सलला डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं कुलूप. लो-रेंजमुळे चाकांचा वेग साधारण दोन-तीन पटीने कमी होऊन ओढ तेवढीच वाढते, जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये चार पट. १९४८ ची लँड रोव्हर, १९७९ ची मर्सिडीज जी, १९८४ पासून चालू असलेली टोयोटा लँड क्रूझर ७० सिरीज, चॅसी आणि लो-रेंजच्या बाबतीत सगळ्या याच साच्यातल्या. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एका दांडीवर) हवा की इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं) यावर लोक रात्र रात्र भांडतात. सॉलिड अ‍ॅक्सल दणकट आणि दुरुस्तीला सोपा, इंडिपेन्डन्ट वेगात आरामशीर आणि स्टिअरिंगला बरा, दोन्ही चालतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या भागात जायचंय तिथे कुठल्या गाडीचे पार्ट मिळतात आणि तिथल्या मेकॅनिकचा हात कुठल्या गाडीवर बसलाय. आफ्रिकेच्या मोठ्या भागात आणि ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात याचं उत्तर बहुतेक वेळा टोयोटा येतं, त्यात भक्तीचा भाग कमी आणि पार्टचा जास्त.

इंजिनाबद्दल थोडंच. डिझेलला अंतर जास्त मिळतं आणि वाहून न्यायला ते पेट्रोलपेक्षा सुरक्षित. पण नवीन कॉमन रेल (जबर दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाला घाण किंवा पाणी मिसळलेलं डिझेल अजिबात सोसत नाही, इंजेक्टर गेले की संपलं, म्हणून पाणी वेगळं करणारा जादा फिल्टर बसवणं हा पैसा वसूल फेरबदल. जास्त गंधक असलेलं डिझेल मिळणाऱ्या देशांत धुराच्या नळीतला काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर कुरकुर करतो, त्यामुळे जाणार कुठे हे ठरल्याशिवाय नवीन डिझेल गाडी घेऊ नये. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेणासारखे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो, तिथे थंडीसाठीचंच डिझेल लागतं.

एकाच गोष्टीवर पैसे घालता येणार असतील तर ते टायरवर घालावेत. जाड साइडवॉलचे (कडेच्या भिंतीचे) एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचे, टायर, आणि साइझ असा की त्या भागात सहज मिळेल. हवेचा दाब हा फुकटातला फेरबदल आहे, डांबरी रस्त्यावर ३५-४० पीएसआय (दाबाचं एकक) असेल तर खडीवर २५-२८, मऊ वाळूत १५-१८, आणि अगदीच रुतलं तर १०-१२ पर्यंत, फक्त मग वळणं हळू घ्यायची नाहीतर टायर रिममधून निसटतो. हवा कमी केली की टायर रुंद होतो अशी समजूत आहे, प्रत्यक्षात जमिनीला टेकणारा ठसा जास्त करून लांबीत वाढतो आणि वजन पसरतं. आइसलंडमध्ये तर ३८ ते ४४ इंची टायर लावून दाब ३-४ पीएसआयपर्यंत उतरवतात आणि गाडी हिमनदीवरच्या मऊ बर्फावर तरंगत जाते. उतरवलेली हवा परत भरायला कॉम्प्रेसर मात्र चांगला हवा, कमी हवेवर वेगाने पळवलं की साइडवॉल तापतो आणि टायर फाटतो.

मग येतो लिफ्ट किट, म्हणजे सस्पेन्शन उंच करायचं सामान, सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेला. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत सस्पेन्शन दोन इंच उचललं तर बॉडी वर जाते, डिफरेन्शियल (दोन चाकांमधला गिअरचा गोळा) तिथेच राहतं. त्याच्या खालची जागा फक्त मोठ्या टायरने वाढते, तीसुद्धा व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे ३१ ऐवजी ३३ इंची टायर लावले की मिळाला एक इंच. त्या बदल्यात गिअरिंग जड होतं आणि स्पीडोमीटर कमी दाखवायला लागतो. लिफ्टमुळे, इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन असेल तर, सीव्ही जॉइंटचे (चाकाला ओढ नेणाऱ्या सांध्यांचे) कोन वाढून त्यांवरचे रबरी बूट फाटतात, कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगचा कल) बिघडतो, गाडी वाऱ्यावर भटकते, गुरुत्वमध्य वर जातो. दोन इंचांपर्यंत ठीक. खरी गरज असते ती कायमच्या लोडला जुळणाऱ्या स्प्रिंगची आणि मोठ्या शॉकअब्जॉर्बरची, कारण पन्हाळीसारख्या लाटा पडलेल्या कच्च्या वाटेवर तासन्‌तास चालल्यावर शॉकमधलं तेल तापून फेसाळतं आणि शॉक काम करायचा थांबतो. रिकाम्या गाडीला कडक स्प्रिंग घातले तर उलट सगळं खिळखिळं होतं.

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारा पाइप, लावला म्हणजे गाडी पाणबुडी झाली असं नाही. त्याचा रोजचा उपयोग धुळीच्या वरची जरा स्वच्छ हवा घेणं हा आहे. पाण्यातून जायचं तर डिफरेन्शियल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा आत-बाहेर सोडणारे) पाइप वर नेऊन ठेवावे लागतात, तापलेलं डिफरेन्शियल थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढलं जातं आणि तेलाचं दूध होतं. इंजिनात पाणी शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात, मग रानात काहीच करता येत नाही.

टपावर कमीत कमी. बऱ्याच गाड्यांची टपाची मर्यादा चालत्या गाडीसाठी १०० किलोच्या आसपास असते आणि खडबडीत वाटेवर त्याहूनही कमी, रॅकचं वजन त्यातच धरायचं. भरलेले डिझेलचे कॅन वर चढवणारे लोक आडव्या उतारावर गाडी कलंडली की मग शिकतात.

अडकल्यावर बाहेर निघायचं सामान आधी फावडं, ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या), कायनेटिक दोर (ताणला जाणारा दोर), शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) असं घ्यावं, विंच त्यानंतर. विंचची क्षमता ग्रॉस वजनाच्या दीडपट धरतात, पण छापलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, दोर जितका गुंडाळलेला तितकी ओढ कमी. पूर्ण लोडवर विंच ३००-४०० अँपिअर खेचते, तेव्हा इंजिन चालूच ठेवायचं. सिंथेटिक दोर हलका आणि तुटला तर स्टीलपेक्षा कमी घातक, पण उन्हाने आणि घासण्याने खराब होतो. ओढायला चॅसीला बोल्ट केलेले रेटेड हूकच वापरायचे. ट्रेलर जोडायच्या टो-बॉलला दोर कधीही अडकवू नये, तो तुटून गोळीसारखा उडतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत.

इंधनाचा हिशोब वाळूचा करायचा. रस्त्यावर १०० किलोमीटरला १२ लिटर पिणारी गाडी मऊ वाळूत १८-२० पिते, त्यावर पाव भाग राखीव. पाणी माणशी दिवसाला निदान ५ लिटर, उष्ण वाळवंटात जास्त, आणि एकाच टाकीत सगळं नको, एक टाकी फुटली तरी दुसरी उरली पाहिजे. दुसरी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, सेल खराब होतात. नवीन गाड्यांच्या स्मार्ट अल्टरनेटरवर (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या जनित्रावर) साधा आयसोलेटर (दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच) नीट चालत नाही, डीसी-डीसी चार्जर लागतो. वायरिंग जाड, प्रत्येक लाइनला बॅटरीजवळ फ्यूज, बॉडीत भोक पाडलं तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाची धार झाकणारं कडं).

सगळं बसवून झालं की पाणी, इंधन, माणसं सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलावा, आकडा जास्त आला तर सामान उतरवावं. मग निघायच्या आधी त्याच लोडवर दोन-तीन दिवसांची खडबडीत फेरी मारायची आणि परत आल्यावर चाकांचे नट, सस्पेन्शनचे बोल्ट, रॅकचे वेल्ड, बॅटरीचे क्लॅम्प एकेक करून तपासायचे, ढिलं पडायचं ते बहुतेक याच फेरीत पडतं.