थंडीने अर्धमेले झालेले जिवाणू आणि अन्नाची तपासणी

फ्रोझन मालात किंवा बरेच दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या अन्नात सगळे जिवाणू मरत नाहीत, काही नुसते जखमी होतात, आणि हे जखमी जिवाणू थेट सिलेक्टिव्ह प्लेटवर (नको ते जिवाणू मारून हवा तोच वाढू देणाऱ्या खाद्याच्या बशीवर) टाकले तर दिसतच नाहीत, पण पोटात गेल्यावर सावरून आजार करू शकतात. याला कोल्ड स्ट्रेस किंवा कोल्ड इंजुरी म्हणतात.

रत्नागिरीहून एक्सपोर्टला जाणारी फ्रोझन कोळंबी घ्या. 25 ग्रॅममध्ये साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जिवाणू, एकही नको असा नियम आहे. आता उणे 18 अंशाला ठेवलं की बहुतेक पाण्याचा बर्फ होतो, उरलेल्या पाण्यात मीठ दाट होतं, पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तिच्या बाहेरच्या आवरणाला इजा होते. साल्मोनेला शोधायच्या एक्सएलडी नावाच्या सिलेक्टिव्ह प्लेटमध्ये डीऑक्सिकोलेट हे पित्तातलं क्षार असतं, ते धडधाकट साल्मोनेला सहज सोसतो आणि मधोमध काळा ठिपका असलेली लाल कॉलनी (जिवाणूंचा डोळ्याला दिसणारा पुंजका) करतो, पण आवरण फाटलेल्याच्या ते आत शिरतं आणि तो तिथेच संपतो. प्लेट कोरी, रिपोर्ट निगेटिव्ह!

म्हणून 25 ग्रॅम सॅम्पल आधी 225 मिली बफर्ड पेप्टोन वॉटर या साध्या पोषक पाण्यात 37 अंशाला 18 तास ठेवतात, त्यात मारणारं काहीच नसतं, जिवाणू जखम भरून काढतात आणि वाढतात, मग सिलेक्टिव्ह ब्रॉथ (तसंच निवडक, पण द्रव खाद्य) आणि त्यानंतर प्लेट. घाईत ही पायरी कमी करणं मला सरळ धोक्याचं वाटतं. सॅम्पल वितळवतानाही तसंच, नळाखाली गरम पाणी सोडून नाही, 2 ते 5 अंशाला 18 तासांच्या आत किंवा 45 अंशांखालच्या वॉटर बाथमध्ये हलवत जास्तीत जास्त 15 मिनिटं.

मोजायचं असेल, म्हणजे कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जिवाणू) वगैरे, तर ब्रॉथ चालत नाही कारण त्यात आकडा फुगतो. तिथे सॅम्पलवर टीएसए (काहीही न मारणारं साधं जेलीसारखं खाद्य) ओतून तासदोन तास रूम टेंपरेचरला ठेवायचं आणि वरून व्हीआरबीए या कोलिफॉर्मसाठीच्या सिलेक्टिव्ह खाद्याचा थर द्यायचा, म्हणजे सावरलेलेही जांभळट लाल दिसतात.

लिस्टेरिया हा आजार करणारा जिवाणू वेगळा, तो फ्रिजमध्येच वाढतो, तरी त्यालाही आधी निम्म्या ताकदीचा, म्हणजे मारणारी द्रव्यं कमी असलेला, फ्रेझर ब्रॉथच देतात.

सगळ्यात अवघड व्हिब्रिओ, म्हणजे कॉलराच्या जिवाणूचं कुटुंब. गार समुद्राच्या पाण्यात तो जिवंत राहूनही नेहमीच्या मीडियावर (लॅबमधल्या खाद्यावर) उगवत नाही, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने 1982 साली मांडलं. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून शोधायच्या पद्धतीने, तो सापडतो खरा, पण मेलेल्याचा डीएनएही त्यात पकडला जातो, म्हणून आधी पीएमए नावाची डाय (रंगद्रव्य) घालतात, ती फाटक्या पेशीत शिरून तिचा डीएनए बाद करते. पण थंडीने आवरण फाटलेला जिवंत जिवाणूसुद्धा त्यात मेलेला धरला जाऊ शकतो.